मात्रेची खतावणी

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे १-०-१ असे तीन आकडे लिहिलेले आपण सर्वांनीच पाहिले आहेत. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. शाळेची पायरी न चढलेल्या आजीबाईंनाही हे गणित समजते, आणि नाही समजले तर औषधवाला पाकिटावर पेनाने खुणा करून देतो. लिहिणारा, वाचणारा आणि गोळी गिळणारा ही माणसे एकमेकांच्या ओळखीची असली, म्हणजे एवढ्यावर काम भागते.

आता अशी कल्पना करा की, दहा लाख माणसांच्या अशा दहा वर्षांच्या चिठ्ठ्या आणि औषधालयांच्या पावत्या एका संगणकात साठवून ठेवल्या आहेत. कोणी विचारले, ‘या लोकांनी अमुक एक औषध दिवसाला किती घेतले?’ प्रश्न साधा वाटतो, नाही का? पण पुष्कळदा त्याचे उत्तर त्या साऱ्या नोंदींत कोठेच लिहिलेले नसते. किती गोळ्या दिल्या ते असते, कोणत्या दिवशी दिल्या ते असते, आणि कधी कधी किती दिवसांसाठी दिल्या तेही असते. रोजची मात्रा मात्र त्यांवरून काढावी लागते. मात्रा ही येथे नोंद नसते, ते अनुमान असते.

हे अनुमान काढण्याची विद्या कशी घडत आली, ते आज थोडक्यात सांगावयाचे आहे. मी इतिहासाचा शिक्षक, वैद्यकाचा नव्हे. तेव्हा कोणते औषध किती घ्यावे हे आपण आपल्या डॉक्टरांनाच विचारा. पण दुसऱ्याने दुसऱ्याच कामासाठी लिहून ठेवलेले आकडे कसे वाचावेत, हा आमच्या धंद्यातला नित्याचा प्रश्न आहे, आणि तोच आज औषधांच्या नोंदींपुढे उभा आहे.

जुन्या दप्तरात ‘दहा शेर’ असे वाचले की इतिहासाचा अभ्यासक ते लगेच टिपून घेत नाही. शेर कोठला, कच्चा की पक्का, हे तो आधी विचारतो. कारण शेर गावोगाव निराळा असे. औषधांच्या बाबतीत हा घोळ फार जुना आहे. ‘शार्ङ्गधरसंहिता’ या वैद्यकग्रंथात आरंभीच मापांचा विचार येतो आणि तेथे मागध आणि कालिंग अशी दोन माने दिलेली आहेत. मागध मानात माष सहा गुंजांचा, तर कालिंग मानात आठ गुंजांचा. शब्द एकच, पण औषध तिसऱ्या हिश्शाने अधिक! ग्रंथकाराने दोन्ही माने लिहून ठेवली आणि त्यांतले मागध मान श्रेष्ठ ठरवले. म्हणजे नुसता आकडा पुरत नाही, त्याच्यामागचे मान सांगावे लागते, हे आपल्या वैद्यांना पुरते ठाऊक होते.

आपल्याकडे आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हे कोष्टक सोनार आणि वैद्य दोघेही वापरीत. पण गुंज म्हणजे वेलीवरचे बी. एक जड, एक हलके. १८३३ साली कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनचा ठरवला, तेव्हा त्या हिशेबाने गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅमची झाली. वेलीवरच्या गुंजेने मात्र तो कायदा वाचला नव्हता.

आणि हा ग्रेन तरी काय? तोही धान्याचा दाणाच. वीस ग्रेनचा स्क्रूपल, तीन स्क्रूपलचा ड्रॅम, आठ ड्रॅमचा औंस, असे इंग्रज औषधविक्यांचे कोष्टक होते. लंडनच्या वैद्यसंस्थेने १६१८ साली आपली औषधसंहिता, म्हणजे फार्माकोपिआ, काढली. पण एडिंबरोची निराळी आणि डब्लिनची निराळी असा प्रकार पुढे पुष्कळ वर्षे चालला, आणि तिन्हींची मिळून एक ब्रिटिश फार्माकोपिआ निघाली ती १८६४ साली. आपल्या देशासाठी एडवर्ड वॉरिंग यांनी सिद्ध केलेली ‘फार्माकोपिआ ऑफ इंडिया’ १८६८ साली प्रसिद्ध झाली. स्वतंत्र भारताची पहिली औषधसंहिता १९५५ सालची, आणि दशमान वजने आपल्याकडे आली ती १ ऑक्टोबर १९५८ पासून.

गमतीची गोष्ट अशी की, माप गेले तरी त्याचा ठसा राहतो. अमेरिकेत ॲस्पिरिनची नेहमीची गोळी ३२५ मिलिग्रॅमची असते आणि हृदयविकारासाठी द्यावयाची लहान गोळी ८१ मिलिग्रॅमची. असले विचित्र आकडे कोणी मुद्दाम कशाला निवडील? एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. पाच ग्रेनचे ३२४ होतात आणि सव्वा ग्रेनचे बरोबर ८१. इंग्लंडात तीच मोठी गोळी ३०० मिलिग्रॅमची आहे आणि लहान ७५ ची. म्हणजे दोन देशांच्या नोंदींत ‘ॲस्पिरिन, एक गोळी’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्या दोन नोंदींचा अर्थ एक नव्हे.

ही झाली मापांची कथा. आता नोंदींकडे वळू. नोंदींवरून मात्रा ठरवण्याचे एक जुने आणि प्रामाणिक उदाहरण विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांचे आहे. फॉक्सग्लव्ह नावाच्या झाडाच्या पानांनी अंगावरची सूज उतरते, हे त्यांना कळले होते. पण त्या पानाची मात्रा थोडी वाढली की उलट्या सुरू होत, नाडी मंदावे, माणूस दगावेही. विदरिंग यांनी कित्येक वर्षे रोगी तपासले आणि १७८५ साली दीडशेहून अधिक रोग्यांचे वृत्तांत पुस्तकात छापले. ज्यांना गुण आला ते छापले, आणि ज्यांना आला नाही तेही. मोठ्या माणसाला पानांची पूड एक ते तीन ग्रेन, दिवसातून दोनदा, असे प्रमाण त्यांनी त्यात दिले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, औषध देणारा, नोंद करणारा आणि हिशेब मांडणारा एकच माणूस होता. स्वतःच्या नोंदीत आपण ‘एक’ लिहिले ते ग्रेन की चमचा, हे विदरिंगना कोणाला विचारावे लागले नाही.

पुढे ही तीन कामे तीन माणसांत वाटली गेली, आणि तेथून अडचणीला आरंभ झाला. आपल्याच देशातले उदाहरण घ्या. हिवतापावरचे क्विनाइन खेड्यापाड्यांत पोहोचावे म्हणून १८९२ साली बंगालमध्ये टपालकचेऱ्यांतून त्याच्या पुड्या विकावयास सुरुवात झाली. पैशाला एक पुडी. मोजमापाच्या दृष्टीने सोय उत्तम. पुडीतले औषध आधीच मोजलेले. पण टपालकचेरीच्या हिशेबावरून आपणास काय कळते? किती पुड्या खपल्या ते कळते. ती पुडी एका माणसाने घेतली की घरातल्या तिघांनी वाटून घेतली, ताप उतरल्यावर उरलेली फडताळात पडून राहिली की काय, हे त्या वहीत नाही. विकलेले औषध म्हणजे घेतलेले औषध नव्हे. आजच्या संगणकातल्या नोंदीलाही ही मर्यादा सुटलेली नाही.

विसाव्या शतकात आणखी एक पेच आला. काही औषधांचे नुसते वजन करून भागेना. इन्सुलिन १९२१-२२ साली टोरांटोत हाती आले. आरंभीचे इन्सुलिन कधी जोरकस निघे, कधी सौम्य. म्हणून सशाच्या रक्तातली साखर किती उतरते ते पाहून त्याचे ‘युनिट’ ठरवण्यात आले, आणि १९२५ साली पहिला आंतरराष्ट्रीय नमुना ठरला तेव्हा त्याच्या एका मिलिग्रॅममध्ये आठ युनिटे धरली गेली. येथे मात्रा म्हणजे वजन नव्हे, परिणाम. आपल्याकडच्या मधुमेही मंडळींना याची व्यावहारिक बाजू चांगली ठाऊक असते. भारतात बाटलीतले इन्सुलिन पुष्कळदा एका मिलिलिटरला ४० युनिटांचे असते, आणि पेनमधले १०० युनिटांचे. सिरिंजाही त्या त्या हिशेबाच्या. चाळिसाची लाल टोपीची, शंभराची नारिंगी टोपीची. शंभराचे इन्सुलिन चाळिसाच्या सिरिंजेत विसाच्या रेघेपर्यंत भरले, तर अंगात वीस नव्हे, पन्नास युनिटे जातील. औषध तेच, रेघही तीच, पण रेघेमागचे मान चुकले म्हणजे जिवावर बेतते.

यानंतरचे पाऊल नॉर्वेकडे पडले. कोणत्या देशात औषधे किती खपतात याची तुलना करावयाची तर गोळ्या मोजून चालत नाही, आणि किंमत मोजून तर मुळीच नाही. १९६९ साली ओस्लोत या विषयावर एक परिषद भरली. त्यातून पुढे ‘ठरीव दैनिक मात्रा’ ही कल्पना आकारास आली. एखादे औषध त्याच्या मुख्य उपयोगासाठी मोठ्या माणसाने नित्य घेतले, तर सरासरीने दिवसाला किती लागेल याचा हा गृहीत आकडा. ओस्लोतच १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेचे या कामाचे केंद्र स्थापन झाले. पॅरासिटामॉलची ठरीव मात्रा तीन ग्रॅम, मेटफॉर्मिनची दोन ग्रॅम, अशी ही यादी आहे.

पण हा आकडा म्हणजे रोग्याला दिलेली मात्रा नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवावे. तो कापडाच्या दुकानातल्या गजासारखा आहे. गजाने कापड मोजतात, गज अंगात घालीत नाहीत! शिवाय गजही बदलतो. ॲमॉक्सिसिलिनची ठरीव मात्रा एक ग्रॅम होती, ती २०१९ साली दीड ग्रॅम करण्यात आली. ज्या देशात १५०० ग्रॅम औषध खपले, तेथे जुन्या हिशेबाने १५०० दिवसांचे औषध खपले आणि नव्या हिशेबाने १०००. औषध रतिभर कमी झाले नाही, फक्त भाजक बदलला.

आता अलीकडच्या काळात येऊ. सांधेदुखीवरचे रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकाराचा धोका वाढवते असे दिसून आल्यावर ३० सप्टेंबर २००४ रोजी जगभरातून मागे घेण्यात आले. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातील एका मोठ्या आरोग्ययोजनेच्या सुमारे १४ लाख सभासदांच्या नोंदी तपासून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला २५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक घेणाऱ्यांत धोका विशेष ठळकपणे दिसला. म्हणजे नुसते ‘औषध घेतले की नाही’ एवढे पाहून भागले नसते. ‘किती घेतले’ हाच कळीचा प्रश्न होता. आणि ज्ञान आधीपासून नोंदींत पडून होते, फक्त कोणी वेळेवर विचारले नव्हते.

या धक्क्यानंतर अमेरिकेत २००८ च्या सुमारास सरकार, औषध कंपन्या आणि संशोधक यांनी मिळून ‘ओमॉप’ नावाचा उपक्रम हाती घेतला. निरनिराळ्या रुग्णालयांच्या आणि विमासंस्थांच्या नोंदी एकाच साच्यात बसवावयाच्या, म्हणजे एकच प्रश्न सर्वांना एका भाषेत विचारता येईल, असा त्यांचा विचार. २०१४ पासून तो साचा ‘ओडिसी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने पुढे चालवला, आणि युरोपच्या औषधनियामक संस्थेने २०२२ साली ‘डार्विन’ या नावाने जे जाळे उभारले, तेही याच साच्यावर चालते.

हा साचा म्हणजे काय, ते आपल्या जुन्या वाण्याच्या भाषेत सांगतो. दुकानात दिवसभर जे घडले ते जसेच्या तसे रोजकीर्दीत लिहितात, आणि मग त्याची खातेवार मांडणी खतावणीत करतात. रुग्णालयाची नोंद ही रोजकीर्द. प्रमाणित साचा ही खतावणी. या खतावणीची दोन पाने आपल्या कामाची. एका पानावर कोणाला, कोणते औषध, किती नग, किती दिवसांसाठी दिले ते असते. दुसऱ्या पानावर त्या औषधाच्या एका नगात घटक किती, ही त्याची ताकद असते. दोन्ही पाने शेजारी ठेवली की त्रैराशिक सुरू.

तीस गोळ्या दिल्या, प्रत्येक ५०० मिलिग्रॅमची, पंधरा दिवसांसाठी. तीस गुणिले पाचशे, भागिले पंधरा: दिवसाला १००० मिलिग्रॅम. चौथीतला मुलगाही हे करील. पण आता मुलाच्या तापाचे पातळ औषध घ्या. पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, म्हणजे मिलिलिटरला २५. शंभर मिलिलिटरची बाटली, पाच दिवसांसाठी. उत्तर दिवसाला ५०० मिलिग्रॅम. पण दुकानदाराने नगांच्या रकान्यात ‘१’ लिहिले असेल तर? त्याच्या मनात एक बाटली होती. यंत्राला वाटले एक मिलिलिटर. उत्तर येते पाच मिलिग्रॅम, शंभरपटीने कमी! चूक कोणाचीच नाही म्हटले तरी चालेल. दुकानदाराला बाटल्यांचा साठा मोजावयाचा होता, मात्रा नव्हे.

कातडीवर चिकटवावयाच्या पट्टीचा हिशेब आणखी निराळा. तिची ताकद ‘तासाला २५ मायक्रोग्रॅम’ अशी लिहिलेली असली, तर चोविसाने गुणून दिवसाचे ६०० मायक्रोग्रॅम धरावयाचे. पट्ट्या मोजावयाच्या नाहीत. मलमाची तर गोष्टच सोडा. नळीत औषध किती ते ठाऊक असते, पण रोज बोटावर किती घेतले ते कोण सांगणार? इन्सुलिन रक्तातल्या साखरेप्रमाणे दिवसागणिक कमीजास्त होते. अशा ठिकाणी शहाणा हिशेबनीस मात्रा काढीतच नाही, रकाना रिकामा ठेवतो. खोट्या आकड्यापेक्षा रिकामी जागा बरी.

दिवसांच्या रकान्याचेही तसेच. तो कोठे कोराच असतो, तर कोठे सर्वांना सरसकट ‘३०’ लिहून टाकलेले असते. कोणी जुन्या गोळ्या संपण्यापूर्वीच नव्या आणतो. कोणाला एकाच औषधाच्या दोन ताकदींच्या गोळ्या एकत्र दिलेल्या असतात. त्यांची बेरीज केली नाही तर अर्धेच औषध दिसते. आणि एका गोळीत दोन-तीन घटक असले तर प्रत्येकाचे खाते वेगळे उघडावे लागते. तापाची गोळी एका नावाची, सर्दीची दुसऱ्या नावाची. पण दोहोंत पॅरासिटामॉल असू शकते. दुकानाच्या पावतीवर ती दोन औषधे, पोटात गेल्यावर मात्र एकच. नावावरून मांडणी केली तर ही बेरीज कधीच होत नाही. घटकावरून केली तरच होते. यकृत वाचवावयाचे असेल, तर ही बेरीज व्हावीच लागते.

आता आपल्या देशाकडे पाहा. इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदींचे मानदंड भारत सरकारने २०१३ साली प्रथम जाहीर केले आणि २०१६ साली सुधारले. २०२१ च्या सप्टेंबरात आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले, आणि चौदा आकडी आरोग्यक्रमांक लोकांच्या हाती येऊ लागला. या नोंदींच्या मानदंडांचे राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यात, सी-डॅक या संस्थेत आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या औषधांना समान संकेतांक देण्याचे काम तेथे होते. म्हणजे आपली खतावणी आता आखली जात आहे.

खतावणी कितीही सुबक आखली, तरी ती रोजकीर्दीहून अधिक खरी असू शकत नाही. आपल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘ओडी’ लिहिलेले असते, म्हणजे दिवसातून एकदा. अमेरिकेत तीच दोन अक्षरे लॅटिनमधल्या ‘उजवा डोळा’ या शब्दांसाठी वापरीत आले आहेत. ‘युनिट’साठी घाईने काढलेले इंग्रजी ‘यू’ हे अक्षर शून्यासारखे दिसते आणि दहाचे शंभर होतात; म्हणून अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ साली न वापरावयाच्या संक्षेपांच्या यादीत ते घातले. आपल्या १-०-१ मध्ये वेळ आहे, संख्या आहे. पण गोळीची ताकद आणि दिवस शेजारी लिहिले नाहीत, तर उद्याच्या अभ्यासकाला तेथून पुढे जाता येणार नाही.

आम्ही इतिहासवाले जुन्या दप्तरातला शेर चुकीचा वाचतो, तेव्हा एखाद्या दुष्काळातल्या धान्याचा भाव चुकतो. दुसरा अभ्यासक येतो आणि दुरुस्त करतो. औषधाच्या नोंदीत तसे नाही. तेथे काढलेल्या मात्रेवरून अमुक प्रमाण वृद्धांना सोसते, तमुक गरोदर स्त्रीला सोसत नाही, असे निर्णय होतात, आणि ते उद्याच्या चिठ्ठीवर उतरतात. म्हणून घटकाचे नाव, एका नगाची ताकद आणि तिचे माप, दिवसाचे नग, आणि एकूण दिवस, या चार गोष्टी प्रत्येक चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरांत असाव्यात. वाचकहो, पुढच्या वेळी आपल्या हाती चिठ्ठी आली की या चार गोष्टी तीत आहेत का ते पाहा, आणि एखादी नसेल तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा. त्या विचारण्याने आज आपले भले होईल, आणि उद्या ज्यांचे नावही आपणास ठाऊक नसेल अशा कोणा रोग्याचेही.